डाव्या बाजूचा माणूस

आमच्या साडूंइतक्या वेळा मेलेला माणूस अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या पट्ट्यात दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. ते उभ्याउभ्या मेले, जेवताजेवता मेले, जिन्यावरून गडगडत मेले, काचेतून आरपार जाऊन मेले, एकदा तर घोड्यावर चढताचढताच मेले. सिनेमात हिरो दोन हातांत दोन पिस्तुलं घेऊन गोदामात शिरतो, दोन्ही हात फैलावतो आणि दोन्ही बाजूंची माणसं पटापट आडवी होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्या आडव्या होणाऱ्यांत डावीकडची जी असतात, त्यांतले एक आमचे साडू. तोच त्यांचा पेशा होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या ताईंनी, डोळे उघडे ठेवून या माणसाशी लग्न केलं, आणि धाकटीशी लग्न केल्यामुळे मी काही कल्पना नसताना या प्रकारात सापडलो. मी मूळचा भित्रा. कुकरची शिटी झाली तरी माझ्या हातातला पेपर उडतो. अशा माणसाला देवाने असला साडू का द्यावा, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पहिला धक्का त्यांनी मला माझ्याच साखरपुड्यात दिला. माझे काका मोठ्या हौसेने दोन्ही हातांत एकेक गुलाबदाणी घेऊन दाराशी उभे होते आणि येणाऱ्यांवर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून गुलाबपाणी शिंपडत होते. तेवढ्यात सफारी घातलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ आत आले. काकांचा डावा हात त्यांच्याकडे वळला, चार थेंब उडाले, आणि त्या गृहस्थांनी छाती गच्च धरली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली, खुर्च्यांची अख्खी रांग सोबत घेऊन ते खाली गेले आणि डोळे सताड उघडे ठेवून निपचित पडले. माझी आई किंचाळली. काकांच्या हातातल्या दोन्ही गुलाबदाण्या गळून पडल्या. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. मी तर जागच्या जागी थिजलो. सासरच्या मंडळींपैकी मात्र कोणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. एक बाई त्यांचे पाय ओलांडून शांतपणे पेढे वाटत पुढे गेल्या. मग आतल्या खोलीतून बांगड्यांचा आवाज आला मात्र, मयत माणूस टुणकन उठला, गुडघे झटकले आणि खाली वाकून काहीतरी शोधू लागला. ताई ओटीचं ताट घेऊन बाहेर आल्या.

‘काय शोधताय?’ त्यांनी विचारलं.

‘बटन पडलं सफारीचं,’ साडू म्हणाले.

आईने अपशकुन झाला म्हणून सुपारी परत न्यायची भाषा सुरू केली होती. साडू स्वतः तिच्यासमोर मांडी घालून बसले. ‘आई, आपल्या मरनाची खोटी बातमी आली का आयुष्य वाढतं, हे तुमाला ठाव हाय ना? तुमच्या मुलाच्या साखरपुड्यात माझं वाढलं. त्यातलं अर्धं त्याला देऊन टाकलं, बस्स?’ आईने पदर डोळ्यांना लावला आणि त्यांना स्वतःच्या हाताने पेढा भरवला. आईला हे पटलं, हा मला त्या दिवसाचा दुसरा धक्का.

त्या बांगड्यांच्या आवाजाचं कोडं मला पुढे बायकोने उलगडून सांगितलं. साडू विरारच्या एका जुन्या गावातल्या शेतकरी घरातले. माझे सासरे कोकणातून येऊन मनवेलपाड्याला भाड्याने राहायचे, तेव्हा साडू त्यांच्या चाळीत भाजी घालायला यायचे, आणि ताईंचं तिथेच ठरलं. मुलगा सिनेमात काम करतो एवढंच सासऱ्यांच्या कानावर होतं. म्हणून होणाऱ्या जावयाला बघायला ते मुद्दाम थिएटरात गेले. मध्यंतराच्या आधीच गोदामात गोळीबार झाला आणि जावई त्यांच्या डोळ्यांदेखत पिंपावरून उलटा होऊन मेला. सासरे तसेच उठले, घरी आले, थेट मोरीत गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. अंघोळ झाल्यावर त्यांना आठवलं, की जावई जिवंत आहे आणि संध्याकाळी चहाला येणार आहे. साडू आले तेव्हा सासऱ्यांची दातखीळ बसली होती. तेव्हा बोलल्या त्या ताई. त्या म्हणाल्या, ‘बाहेर किती वेळा मरायचं तेवढं मरा. माझ्या डोळ्यांसमोर एकदाही मरायचं नाही.’ साडूंनी शब्द दिला आणि तो पाळला. बाहेर चार पावलांवर कोलमडणारा हा माणूस ताईंची चाहूल लागली की ताठ उभा राहायचा. टीव्हीवर त्यांचा सिनेमा लागला, की गोदामाचं दार दिसताच तेच सांगायचे, ‘आता आत जा तू. माझी पाळी आली.’ ताई उठायच्या, आत जाऊन उगाच एखादं भांडं विसळायच्या, आणि गोळीबार थांबला की पदराला हात पुसत बाहेर यायच्या.

डाव्या बाजूबद्दल साडूंचं एक शास्त्र होतं आणि ते ऐकवायला त्यांना माणूस लागायचा. बहुधा तो मीच असायचो. आमच्या आचोळ्याच्या घरी गच्चीवर मी तुळशीला पाणी घालत असलो, की ते कठड्याला टेकून सुरू करायचे. ‘साडूभाऊ, दोन पिस्तुलं घेतली तरी डोळे एकाच अंगाला बगतात ना? हिरो बगतो उजवीकडं. क्यामेरा उजवीकडं. उजव्या अंगाच्या मानसाला निस्ता पडायचा पगार. डावीकडं कोन बगतो? कोनी नाय. मग डाव्या अंगाच्याला मारतो कोन? त्यानं आपनहून मरायचं. मनापासून मरायचं. तो नाय मेला तर हिरोचा डावा हात म्हंजे निस्ता रिक्षावाल्यानं दाखवलेला हात.’ मी एकदा विचारलं, की दोन्ही हातांनी एकदम नेम धरून कोणाला खरोखर मारता येतं का हो? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘नाय. पन आमी मेलो का येतं.’

हे शास्त्र नुसतं बोलण्यापुरतं असतं तर मी सुखाने जगलो असतो. पण दोन हातांत दोन लांबट वस्तू धरलेला कोणीही माणूस दिसला आणि त्यातली डावी यांच्याकडे वळली, की यांना राहवायचंच नाही. विरारच्या बाजारात भाजीवाली दोन पडवळं उचलून ‘कुठलं देऊ, दादा?’ म्हणाली आणि हे वांग्यांच्या पाटीवर जाऊन मेले. रंगारी दोन ब्रश घेऊन शिडीवरून वळला, हे खाली मेले. रंगारी त्यांच्या काळजीने शिडीवरून खरंच पडला. या सगळ्यावर कळस झाला तो कोरोनाची लाट ओसरत होती तेव्हा. वसईत एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो होतो. ताई पुढे आत गेल्या. दारावरच्या रखवालदाराच्या उजव्या हातात कपाळाचा ताप मोजायची ती पिस्तुलासारखी वस्तू, डाव्या हातात सॅनिटायझरचा फवारा. उजवा हात माझ्या कपाळाकडे, डावा साडूंकडे. मी ‘साडूभाऊ, नको’ असं म्हणेपर्यंत ते तोंडावरच्या मास्कसकट दारातच कोसळले होते. ताप मोजतामोजता माणूस मेला! रांग क्षणात फुटली. लोक चपला टाकून पळाले. रखवालदार सगळ्यांच्या पुढे पळाला. कोणीतरी निम्मं शटर खाली ओढलं. मी एकटा त्या मोकळ्या पायरीवर एका प्रेताशेजारी उभा, घामाने चिंब, आणि समोरच्या फुटपाथवरून लोक मला ओरडून सांगताहेत, ‘काका, हात लावू नका! लांब व्हा!’ तेवढ्यात शटरखालून वाकून ताई पिशवी घेऊन बाहेर आल्या. प्रेत उठलं, पँट झटकली आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. पडताना पाहून जेवढे पळाले नव्हते तेवढे लोक उठताना पाहून पळाले. त्या दुकानात मी नंतर कधी पाऊल टाकलं नाही.

कामाच्या बाबतीत मात्र त्यांना कोणाची भीड नव्हती. एकदा नायगावकडच्या एका सेटवर एक नवा, दंड फुगवलेला हिरो होता. त्याने दोन्ही पिस्तुलं झाडली, उजवीकडची सगळी पडली. डावीकडे आमचे साडू एकटे उभे. दिग्दर्शक ओरडला, ‘अरे मर ना!’ साडू शांतपणे म्हणाले, ‘साहेब, लागली नाय.’ परत शॉट, परत उभे. हिरोचा डावा हात पंख्याकडे होता आणि मन भलतीकडेच. त्याला सगळ्यांसमोर नेम धरावा लागला. या आगाऊपणापायी साडूंना बरेच महिने कोणी बोलावलं नाही. मी त्यांना झापलं, की तुमचं काय जातं पडायला? ते म्हणाले, ‘त्याच्या मनातच नव्हतं मला मारायचं. मंग मी कसा मरू?’

आणि हाच माणूस माझ्यासाठी किती मनापासून मेला! आमच्या सोसायटीच्या गणपतीत एकदा नाटुकलं बसवलं होतं. ऐनवेळी इन्स्पेक्टर करणारा आजारी पडला आणि सेक्रेटरी म्हणून माझ्या अंगावर ती खाकी चढली. हातात टिकल्यांची दोन पिस्तुलं. उजव्या हाताची टिकली फट् वाजली. डाव्या हाताची वाजलीच नाही. चाप नुसता खट् करून बसला. पहिल्या रांगेत हशा सुरू होणार एवढ्यात डावीकडे गुंड म्हणून उभ्या केलेल्या साडूंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी भीती उतरली, आणि ते असे कोसळले, की मंडपात चिडीचूप झालं. मीसुद्धा हादरलो. आपण माणूस मारला असं मला क्षणभर मनोमन वाटलं. साऱ्या नोकरीत मला साहेबासमोर कधी आवाज चढवता आला नव्हता, आणि त्या रात्री सोसायटीतली माणसं बाजूला सरून मला वाट देत होती. ‘टिकली वाजली नाही हो,’ मी त्यांना मंडपामागे म्हणालो. ते शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत ओढून घेत होते, ती त्यांची सवयच होती. म्हणाले, ‘वाजायला कशाला पायजे? तुमच्या मनात होतं.’ ताई त्या दिवशी प्रसादाच्या पातेल्याजवळ मंडपाकडे पाठ करून बसल्या होत्या.

पुढे दिवस पालटले. गोळी लागलेली माणसं संगणकावर पाडायला लागले आणि साडूंची बोलावणी कमी होत होत बंद झाली. ते दुपारी खालच्या कट्ट्यावर बसून असायचे. कोणी दोन छत्र्या घेऊन गेलं तरी नुसते बघायचे. त्यांचं हे न मरणं पाहून मी पहिल्यांदा मनातून घाबरलो. आणि मग अंधेरीच्या एका व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने त्यांना बोलावलं. अंगाला चिकटणारे काळे कपडे घालून, वर जागोजागी हालचाल टिपून संगणकात उतरवणारे पांढरे गोळे डकवून, त्यांना एका रिकाम्या खोलीत दिवसभर चालायला लावलं, उभं केलं, कंटाळायला लावलं, आणि मग जमतील तितक्या तऱ्हांनी मारलं. घरी येताना ते आधी माझ्याकडे आले. चेहरा लग्नात मिरवून आल्यासारखा फुललेला. ‘साडूभाऊ, माझं मरन काढून घेतलं त्यांनी! आता पोरं घरी बसून मारनार मला, दोन दोन पिस्तुलांनी. आनि मी परत उभा!’

‘ताईंना काय सांगणार?’

‘चालायचं काम होतं म्हनेन. खोटं हाय का?’

त्यानंतर वर्षभरातली गोष्ट. एका सकाळी बायकोचा फोन वाजला आणि ती जमिनीवर बसली. मी रिक्षा करून मनवेलपाड्याला साडूंच्या घरी गेलो तेव्हा जिन्यात शेजारी उभे होते, पण रडत कोणी नव्हतं. सगळे वाट बघत होते. एक जण माझ्या कानाशी म्हणालासुद्धा, ‘उठतील हो, वहिनी आल्या की उठतात ते.’ आणि ताई तर समोरच बसल्या होत्या. साडू गॅलरीतल्या खुर्चीत होते. मान एका बाजूला, एक चप्पल पायात, एक निसटलेली, तोंड अर्धवट उघडं. मी ते पाहिलं आणि समजलो. इतकं गबाळं मरण त्यांनी कधीच दिलं नसतं. ना छातीवर हात, ना गिरकी. आयुष्यभर या माणसाने मला दचकवलं, पण त्या एका निसटलेल्या चपलेइतका मी कशानेच हादरलो नाही. साठी नुकतीच उलटली होती. एवढं वाढवून ठेवलेलं आयुष्य कुठे गेलं, असं मला कोणाला तरी ओरडून विचारावंसं वाटलं.

ताईंनी त्या दिवशी एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हटलं. ‘मला म्हणाले, जरा कोथिंबीर आन ताजी. मी खाली गेले. पाच मिनिटं नाही लागली. अहो भाऊजी, कोथिंबीर होती हो घरात. सकाळीच त्यांनी निवडून ठेवली होती.’

तेराव्यानंतर काही दिवसांनी माझी मुलगी तो गेम फोनवर घेऊन आली. तिला काकांनी, म्हणजे साडूंनी, बजावून ठेवलं होतं म्हणे, की मावशीला दाखवू नको. तरी तिने धीर केला. मी अंग चोरून बसलो. पडद्यावर दोन हात होते आणि दोन्हीत एकेक पिस्तूल. समोर बंदराचं फाटक, उजव्या बाजूला एक पहारेकरी, डाव्या बाजूला दुसरा. पिंपांच्या मागे आपण लपलेलो. स्वतःवर गोळी येईपर्यंत त्यांना आपला पत्ता लागत नाही. डावीकडच्या माणसाचा चेहरा भलताच होता, सोनेरी दाढी, निळे डोळे. तो चार पावलं गेला, वळला, थांबला, आणि त्याने डावी बाही कोपरापर्यंत ओढून घेतली.

‘अगंबाई,’ ताई म्हणाल्या, ‘हे!’

मुलीने अजून काही सांगितलंही नव्हतं. ताईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. खूप वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. ‘दूध आणायला निघाले की असेच निघायचे,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ‘हे बटण कसलं?’

‘उजवं दाबलं की उजवं पिस्तूल. डावं दाबलं की...’ मुलगी अडखळली.

‘आणि नाही दाबलं तर?’

‘तर ते फिरत राहतात, मावशी. आपण थांबू तेवढा वेळ.’

आता ताई रोज दुपारी जेवण आटोपलं की चष्मा लावून बसतात. उजवीकडच्या पहारेकऱ्याला त्या आल्याआल्या बेधडक उडवतात. तो मध्येमध्ये येतो म्हणून. त्याचं त्यांना काही वाटत नाही. आवाजाने डावीकडचा सावध होईल, बाकीचे शिपाई धावत येतील, ही माझी भीती फोल ठरली. एवढा नेम धरलेला असूनही डावीकडचा माणूस आपला फेऱ्या घालत असतो, कारण त्याच्याकडे पिस्तूल रोखून कोणी चापच ओढत नाही. साऱ्या जगातली पोरं त्याला पाडून फाटकातून पुढे जात असतील. आमच्या ताई गेले कित्येक महिने फाटकातच आहेत.

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हाही त्या बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, ‘चहा टाकते. हे धरा जरा. बंद पडू देऊ नका, आणि डाव्या अंगठ्याला आवरा.’ फोन माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या, आणि मग माझ्या ध्यानात आलं. माझ्या दोन्ही हातांत पिस्तुलं होती, डावं त्यांच्याकडे वळलेलं होतं, आणि ताई खोलीत नव्हत्या. एवढं जुळून आल्यावर हा माणूस काय करतो, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? चाप वाजायची त्यांना कधी गरज लागली नव्हती. मी दोन्ही अंगठे ताठ वर धरले. साडू चार पावलं आले, वळले, थांबले, बाही ओढली आणि सरळ माझ्याकडे बघत उभे राहिले. साडूभाऊ, देवाशपथ सांगतो, माझ्या मनात काही नाही, असं मी पुटपुटलो.

‘ताई,’ मी हाक मारली, ‘चहा राहू द्या हो. आधी बाहेर या.’